कोऱ्या टॉवेलचा वास
आज सकाळी बायकोनं कपाटाच्या तळातला कोरा टॉवेल हातात दिला आणि खळीच्या वासानं जुनी नोकरी आठवली. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात तेव्हा मी कॉम्प्युटर बघायचो. जुनं सॉफ्टवेअर फक्त यादीतले व्हायरस ओळखायचं, म्हणून मी नवं बसवलं. ते महिनाभर प्रत्येकाची कामाची रीत शिकायचं, आणि पुढं कुणी वेगळं वागलं की नावापुढं लाल खूण करायचं. पहिली खूण आली डिझाइन काढणाऱ्या बाईंच्या नावापुढं. एका दुपारी त्यांनी जुनी सगळी डिझाइनं उघडली होती. “आपली डिझाइनं दुसऱ्याच्या मालावर दिसायलीत, म्हणून ताडून बघत होते,” त्या काकुळतीनं म्हणाल्या. मॅनेजरनं शेंगाचटणीचे तेलकट हात नमुन्याच्या टॉवेलला पुसले. “मशीन कशाला खोटं बोलंल? चोर हाय की ही.” मालकांनी बाईंना त्याच दुपारी काढलं. मी त्यांचं लॉगिन बंद केलं. आठवड्यानं मेलच्या नोंदी चाळल्या, तर मॅनेजरच दर शनिवारी डिझाइनं स्वतःच्या खासगी मेलवर पाठवत होता. शिकायच्या महिन्यातही पाठवत होता, त्यामुळं सॉफ्टवेअरनं त्याची चोरी नेहमीचं काम म्हणून शिकून घेतली होती. मालकांना दाखवलं. “मेहुणा हाय माझा. घरातली गोष्ट हाय, बाहेर काडू नका,” म्हणाले, आणि डझनभर टॉवेल माझ्यापुढं सरकवले. मी ते घरी आणले. त्यातल्याच शेवटच्या टॉवेलनं आज मी तोंड पुसलं.