परडीची मूठ

तामलवाडीत धुरपदाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा हिंमतराव पारावर मिशीला पीळ देऊन बोलायचा, पण घरात शिरताना खाकरून शिरायचा. बाई फटकळ, पण खोटं बोलणारी नव्हे. गावात वाद पडला की लोक म्हणत, ‘धुरपदाबाईला विचारा.’ अशा बाईला दरसाल हरवायचे ते शाळू ज्वारीतले सोंडे किडे. लिंबाचा पाला घाला, राख चोळा, उन्हं द्या. श्रावण आला की दाण्याला भोकं आणि पिठात वळवळ ठरलेलीच.

चौसष्ट साली महारुद्र नावाचा नवा ग्रामसेवक काचेच्या बोटभर कुप्या घेऊन आला. कुपी फडक्यात गुंडाळून फोडायची, धान्यात खोल खुपसायची आणि कोठीचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. आतल्या वाफेनं किडा मरतो, असं त्याचं सांगणं. गाव ऐकेना. धुरपदाबाईनं मात्र आपली पत्र्याची कोठी पुढं केली. सहा पोती शाळू, म्हणजे घरची वर्षाची भाकरी.

लिंपून झाल्यावर महारुद्रानं बजावलं, “मावशी, सात दिवस झाकण हलवायचं नाही.”

“मला दोनदा सांगायचं काम न्हाय,” बाई म्हणाली.

दोन दिवसांनी मंगळवार आला. मंगळवारी आणि शुक्रवारी देवीच्या परडीत मूठभर दाणे पडायचे, तेही थेट कोठीतले. सासूनं घालून दिलेला हा नेम तिनं दुष्काळातही मोडला नव्हता. सात दिवसांची अट माणसांना, देवीला कसली? तिनं खुरप्यानं माती खरवडली, झाकण उचलून मूठ घेतली आणि होतं तसं लिंपून टाकलं. शुक्रवारीही तेच. डोकं जरा गरगरलं, ते तिनं उपासावर ढकललं.

सातव्या दिवशी चारचौघांसमोर कोठी उघडली, तर सोंडे मजेत फिरत होते.

“औषध हाय का अत्तर, ग्रामसेवक?” हिंमतराव हसला, आणि त्याच्यामागं सगळं गाव हसलं.

महारुद्रानं बिचाऱ्यानं हळूच विचारलं, “मावशी, मधे झाकण काढलं होतं का?”

“न्हाय,” बाईच्या तोंडून निघून गेलं. एकदा निघालेलं ते मग गिळता येईना.

त्यानंतर महारुद्राला बघितलं की लोक दार लावून घेत. महिनाभरात त्यानं बदलीचा अर्ज लिहिला आणि एका सकाळी ट्रंक घेऊन सडकेवर मोटारीची वाट बघत उभा राहिला. धुरपदाबाई तेव्हा शाळू चाळत होती. चाळणीतले सोंडे बघून तिला त्या पोराचा पडलेला चेहरा आठवायचा, जेवण गोड लागायचं नाही. तो निघाल्याचं कळताच चाळणी टाकून ती तशीच सडकेला धावली.

तिथं हिंमतरावासकट दहा माणसं होती. त्यांच्यादेखत ती म्हणाली, “झाकण म्या काढलं व्हतं. दोनदा, परडीसाठी. ह्या पोराचा कायबी दोष न्हाय.”

महारुद्रानं हातातली ट्रंक खाली ठेवली. “मावशी, चूक माझीही आहे. सात दिवसांत देवीचे दोन वार येणारच, हे मी आधी विचारायला पाहिजे होतं.”

मोटार आली आणि त्याला न घेताच गेली.

दुसऱ्या खेपेला परडीच्या मुठी आणि पंधरा दिवसांचं दळण आधीच डब्यात काढलं, मग कुपी घातली आणि माती दोन हातांनी जाड थापली. पुढं गावात कुठल्याही दारी महारुद्र कुपी काढण्याआधी विचारायचा, “परडीचं काढलं का?”

दुसऱ्या खेपेची मुदत भरल्यावर कोठी उघडली, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून दोन दिवस वारा दिला. मग धुरपदाबाईनं पसाभर शाळू उन्हात धरला. काही हललं नाही. ती उंबऱ्यावर मटकन बसली, हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

“समदे मेले?” हिंमतरावानं विचारलं.

“समदे,” ती म्हणाली. “पर म्या सडकेवर बोलले तवाच हलकी झाले व्हते.”