नांगरटीतला देव

परभणीत लॉजवाल्यानं एका रात्रीचे बाराशे रुपये सांगितले, तेव्हा आप्पा हसले. चिडले असते तर मीही चिडले असते, तो सराव आम्हा बापलेकींना चांगला आहे. पण ते हसले आणि काठी टेकत गाडीकडं चालू लागले. जाता जाता एवढंच म्हणाले, "डोळे मिटायचे पैसे कोन देतं?"

आप्पा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. चाळीसेक वर्षं त्यांनी या जिल्ह्यातले आठवडी बाजार केले. कापडाचे गठ्ठे घेऊन आज ताडकळस, उद्या आणखी कुठलं गाव, परवा वालूर. एवढ्या वर्षांत मुक्कामासाठी त्यांनी कधी पैसा मोजला नाही. गठ्ठ्यांवर झोपले, पारावर झोपले, जीपच्या टपावर झोपले. आई गेल्यापासून ते पुण्यात माझ्याकडं असतात आणि माझ्याकडच्या जाड गादीवर त्यांना झोप येत नाही. दिवाळी झाली आणि त्यांनी धोशाच लावला, एकदा ते बाजार बघू दे. मी शाळेतून चार दिवसांची रजा घेतली आणि आमची जुनी छोटी गाडी काढली. गाडी मी चालवायची, मुक्काम कुठं ते त्यांनी ठरवायचं, असा करार झाला. करार करताना मी जरा विचार करायला हवा होता.

पहिली रात्र पेट्रोल पंपावर काढली. शेजारी ट्रक, डोक्यावर पांढरा दिवा, काच उघडली की डास आणि मिटली की गुदमर. आप्पांनी सीट मागं पाडली, शाल ओढली आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी रात्रभर स्टिअरिंगखाली पाय कुठं ठेवायचे याचा अभ्यास करत होते. सकाळी माझी मान लाकडासारखी झाली होती आणि आप्पा म्हणाले, फार छान झोप लागली.

दिवसभर आमचं सीटबेल्टवरून वाजायचं. बेल्ट त्यांच्या गळ्याशी काचायचा. ते हळूच काढायचे, मी ओरडायचे, ते परत लावायचे. आम्ही लिंगायत. आप्पांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, कापडाच्या लहान गुंडाळीत, दोऱ्याला बांधून छातीवर. आमच्या घरात त्याला नुसतं 'देव' म्हणतात. रोज सकाळी अंघोळ करून, देव डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आप्पा पाण्याचा घोटही घेत नाहीत. बेल्टनं दोरा घासतो, असं त्यांनी मला एकदा सांगितलंसुद्धा. मी म्हणाले, दोरा तुटला तर नवा घालू, माणूस नवा मिळत नाही. मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताडकळसचा बाजार केला. आप्पांचं दुकान ज्या लिंबाखाली लागायचं, तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचा गाडा उभा होता. आप्पांनी भाव करून एक कव्हर घेतलं. त्यांच्याकडं मोबाईल नाही. संध्याकाळी पोखर्णीच्या अलीकडं रस्त्याला लागून एक आखाडा दिसला. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं घर, गोठा, विहीर, सगळं एका जागी. आप्पांनी गाडी थांबवायला लावली आणि शेतकऱ्याला विचारलं, इथं गाडीत झोपलो तर चालंल का. तो पन्नाशीचा माणूस आधी गाडीकडं, मग माझ्याकडं बघत राहिला. घरात झोपा म्हणाला. आप्पा नको म्हणाले. मग त्यानं बाजेवरची गोधडी आणून दिली आणि गाडी लिंबाखाली लावून घेतली.

रात्री कधीतरी आप्पांनी मला हलवून उठवलं. त्यांना लघवीला जायचं होतं. मी कुरकुरत खाली उतरले आणि तिथंच थांबले. पंपावरच्या दिव्याखाली झोपलेल्या माणसाला आभाळ असतं हेच आठवत नाही. इथं ते एवढं खाली आलं होतं की मी नकळत मान वाकवली. समोर नुकतीच नांगरलेली काळी जमीन, आणि तिच्या कडेपासून थेट वर चांदण्या. मला कुणी काही म्हणालं नाही, तरी मी चपला काढल्या. का, ते अजून सांगता येणार नाही.

आप्पा माझा हात धरून नांगरटीत शिरले. लिंबाच्या फांद्यांत काही दिसंना, म्हणून मोकळ्यावर चल म्हणाले. ढेकळांवरून अडखळत आम्ही बरंच आत गेलो. मग त्यांनी काठी वर केली. "ते तिकांडं. डोक्यावर आलंय. दीड वाजायलाय." मी मोबाईल बघितला. एक वाजून पंचवीस मिनिटं. पाच मिनिटांचा फरक मी त्यांना सांगितला नाही. चाळीस वर्षं बाजारात चांगली जागा धरायला ते या तीन चांदण्यांवर उठत होते आणि मी त्यांना घड्याळाचा गजर लावायला शिकवत होते. आम्ही किती वेळ उभे होतो माहीत नाही. इकडं तिकडं फिरत त्यांनी मला आणखी चार-पाच तारे दाखवले. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण त्या रात्री आपल्या बापाची मला नव्यानं ओळख झाली.

सकाळी मी जागी झाले ती त्यांचं घोरणं थांबल्यानं. ते सीटवर ताठ बसले होते आणि हात छातीवर होता. हातात दोरा होता. दोऱ्याला काही नव्हतं.

आधी मी गाडी उपसली. सीटखाली, सीटच्या फटीत, गोधडीत, शालीत, पायपुसण्याखाली. मग लिंबाखालची जमीन. मग मान वर करून मी ती नांगरट बघितली. आवळ्याएवढी गुंडाळी, कधीकाळी पांढरी असलेली आणि आता घामानं मातकट झालेली, आतला देव काळाभोर. समोर काळी ढेकळं, आणि अंधारात आम्ही कुठून कसे फिरलो याचा पत्ता नाही. तेवढ्यात विहिरीवरची मोटर चालू झाली. सहाला लाईट आली होती आणि गहू पेरायच्या आधी शेतकरी त्याच नांगरटीला पाणी देणार होता.

मी अनवाणीच पळत गेले. काय झालं ते धड सांगताही येत नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं आणि बटण बंद केलं. मी म्हटलं, लाईट जाईल की तुमची. तो म्हणाला, लाईट उद्या पण येती, देव वाहून गेला तर कुठून आनू.

आप्पा बांधावर बसले होते. मी शोधत होते आणि मधेमधे त्यांच्याकडं बघत होते. त्यांना साखरेचा आजार आहे. रात्रीची गोळी पोटात आणि त्यावर काही नाही. आठ वाजले, साडेआठ वाजले. त्यांचे ओठ पांढरे पडले आणि काठीवरची बोटं थरथरायला लागली. मी पाणी नेलं, बिस्किटं नेली, साखर नेली. ते मानेनं नको म्हणाले. मी चिडले, रडले, शाळेतल्या पोरांना रागवावं तशी रागवले. म्हणाले, मठात जाऊ, स्वामींकडून दुसरा देव घेऊ, आत्ता फक्त पाणी प्या. ते म्हणाले, न्हाई सापडला तर जाऊच, पर पूजा झाल्यावरच पानी. आवाज एवढा शांत, जसं काही मीच आजारी होते.

मग मी ते केलं. रस्त्याच्या कडेला खडीत एक काळा गोटा दिसला. गोल, गुळगुळीत, तेवढाच. आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय. मी तो रुमालात गुंडाळला, त्यांच्यापुढं बसले आणि म्हणाले, सापडला.

त्यांनी डावा हात पुढं केला. मी गोटा ठेवला. त्यांनी मूठ मिटली नाही, गोटा डोळ्यांनाही लावला नाही. क्षणभर नुसता तळहात वरखाली केला, कापडाचं वजन बघत असल्यासारखा. मग रुमालासकट गोटा माझ्या हातात परत दिला.

"भेलीस व्हय, माय?" ते म्हणाले. "जिथला हाय तिथं ठेवून ये."

ते माझ्यावर रागावले नाहीत, हे मला अजून सोसत नाही. मी उठून गोटा ठेवायला निघाले, तर रस्त्यावर एक रिक्षा थांबलेली. शेजारच्या रानात कापूस वेचायला आलेल्या बाया. लुगड्यांवर नवऱ्यांचे जुने शर्ट घातलेल्या, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधलेल्या. सात जणी होत्या. शेतकऱ्यानं त्यांना सांगितलं असावं. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई माझ्याजवळ आली आणि आम्ही रात्री साधारण कुठपर्यंत गेलो होतो, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तुमचा रोज बुडेल. ती म्हणाली, कापूस कुठं पळून चाललाय. मग मागं वळून बाकीच्यांना म्हणाली, "पाती धरा गं."

खुरपताना प्रत्येक बाई आपली एक पट्टी धरते आणि सगळ्या एका ओळीत पुढं सरकतात. त्या पट्टीला पात म्हणतात. मी हे लहानपणापासून शंभरदा बघितलं असेल. पण त्या सकाळी सात बाया नांगरटीच्या एका टोकाला उकिडव्या बसल्या, मधे मला घेतलं, आणि एकेक ढेकूळ उचलून, बघून, मागं ठेवत पुढं निघाल्या, तेव्हा मला रात्रीसारखंच झालं. दोन तास मी त्या रानात वेड्यासारखी नुसती पळत होते. यांनी ते रान दाण्यासारखं निवडायला घेतलं. कुणी घाई केली नाही, कुणी मागं राहिली नाही. एकीची पात जड गेली की शेजारची तिच्यात हात घालायची. आमच्या शाळेत इन्स्पेक्शनच्या दिवशीही अशी ओळ मी बघितलेली नाही.

पंधरा-वीस हात पुढं गेल्यावर माझ्या डावीकडची बाई थांबली. अंगानं काडी, माझ्याहून बरीच लहान. ओरडली नाही, नुसता हात वर केला. दोन ढेकळांच्या मधे ती मातकट गुंडाळी पडली होती. तिनं दोन्ही हातांचा आडोसा केला होता, पण बोट लावलं नव्हतं. मी उचलायला वाकले, तर मागून आप्पांचा आवाज आला. ते बांधावरून उठून, काठी टेकत, थरथरत तिथपर्यंत आले होते.

त्या बाईनं मान वर करून विचारलं, "आमी हात लावल्यालं चालतंय का, बाबा?"

"तुला दिसलाय," आप्पा म्हणाले. "तूच दे."

तिनं हात शर्टाला पुसले, पुन्हा पुसले, आणि ओंजळीत घेऊन देव त्यांच्या डाव्या हातावर ठेवला. आप्पांनी तिला हात जोडले. ती एवढी गडबडली की पाठ करून उभी राहिली.

शेतकऱ्यानं विहिरीचं पाणी काढून दिलं. अंघोळीचं बळ नव्हतं, म्हणून आप्पांनी हातपाय धुतले, गोधडीवर बसले आणि गाडीतून विभूती मागवली. बेलपान नव्हतं. वयस्कर बाईनं कपाशीचं एक पिवळं फूल तोडून आणलं. मग आप्पांनी देव तळहातावर घेतला आणि डोळ्यांच्या पातळीत धरला. आयुष्यभर ही पूजा मी स्वयंपाकघरातून, चहा उकळताना पाठमोरीच ऐकत आले होते. त्या दिवशी समोर बसून पाहिली. सकाळपासून काठीवर थरथरणारा तो हात आता जराही हलत नव्हता. मोटर बंद, बाया बांधावर बसलेल्या, कुणी खोकलंसुद्धा नाही. एवढासा काळा देव आणि त्याच्याकडं बघणारा माझा बाप, यांच्यामधे एवढं काही होतं की मला श्वास घ्यायची भीती वाटली.

पूजा झाली. दोरा तुटलेला होता, म्हणून त्या काडीसारख्या बाईनं शेजारच्या रानातून थोडा कापूस आणून, सरकी काढून, मांडीवर दोरा वळायला घेतला. तोवर आप्पांनी देव माझ्यापुढं केला. "धर जरा."

मी डावा हात पुढं केला. त्यांच्या तळहातानं देव कोमट झाला होता. तीसेक वर्षांत मी हातावर देव घेतला नव्हता. आमच्यात बायकांच्या गळ्यातही देव असतो. माझा मी लग्नानंतर काढून ठेवला, नोकरीत, धावपळीत, नंतर नंतर नुसत्या कंटाळ्यानं. आप्पांना ते माहीत होतं. त्यांनी मला कधी विचारलं नाही. आता विचारलं.

"तुझा कुठं हाय?"

खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. म्हटलं, पुण्यात, कपाटात, आईच्या साडीत गुंडाळून.

आप्पांनी माझ्या हाताकडं बघितलं. "बरं," ते म्हणाले. "हरवलेला न्हाई म्हंजे."

मग त्यांनी देव गळ्यात बांधून घेतला आणि पाणी मागितलं. मी तांब्या पुढं केला. ते पाणी प्यायले, आणि मी त्या सात बायांसमोर, परक्या रानात, आई गेली तेव्हासुद्धा रडले नव्हते तशी रडले.