गाऱ्हाण्याची फाईल

घरचा कॉम्प्युटर बिघडला की मला आधी त्याचा राग येतो आणि मग स्वतःचा. यंदा दोन्ही आले. ‘गाव’ नावाचा फोल्डर उघडला की क्षणभर काहीतरी दिसायचं आणि अख्खी खिडकी आपोआप बंद व्हायची. बाकीचे फोल्डर शहाण्यासारखे उघडत होते.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. राजापूरकडच्या आमच्या गावात पालखी घरी आली की घरातल्या कर्त्याने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांसाठी देवाकडे मोठ्याने मागणं मागायचं. जमलेल्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. इतकी वर्षं ते अण्णा, माझे वडील, घालत. ते गेल्यावर मागचा शिमगा दुखवट्यात गेला. यंदा पाळी माझी, आणि मी जन्मभर मागे उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा. कॅमेऱ्यात घेतलेलं अण्णांचं गाऱ्हाणं तेवढं जवळ होतं, तेही नेमकं त्याच फोल्डरात.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. व्हायरस शोधला. आम्ही राहतो त्या मांडवीत घराजवळच कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्या दुकानदाराने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, सगळं पुसून नवीन टाकूया.” पुसायचं म्हटल्यावर मी फोनच ठेवला.

शेवटी मुंबईतल्या लेकीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “बाबा, फोल्डर उघडताना कॉम्प्युटर प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र काढायला जातो. एखादी फाईल खराब असली की तिथे आपटतो. चित्रं बंद करा, नुसती नावं दिसू देत.” तिने सांगितलं तिथे खूण केली. फोल्डर मुकाट उघडला.

“आता आकार बघा. कुठली फाईल फारच लहान आहे?”

गाऱ्हाण्याची. सगळ्यांत लांब व्हिडिओ तो, आणि फाईल इतरांच्या निम्मीसुद्धा नव्हती.

मग आठवलं. कॅमेऱ्यातून उतरवताना मध्येच लाईट गेली होती. आल्यावर उतरवलेल्या फाईलींच्या यादीत तिचं नाव दिसलं आणि मी कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं; फोल्डर उघडून बघितलाच नाही. कचेरीत तीस वर्षं आवक रजिस्टर सांभाळलेला माणूस मी. नोंद दिसली की कागद आला, हे हाडात मुरलेलं. तो अर्धाच आलाय का, हे कोण बघतो? स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लेकीला मात्र नुसतं “असं होय” म्हणालो.

तिने सांगितलेल्या दुसऱ्या प्लेअरने विचारलं, फाईल तुटकी आहे, जमेल तेवढी दुरुस्त करू? हो म्हटलं. चित्र हललं नाही. आवाज मात्र आला, अण्णांचा, खणखणीत.

“बा देवा म्हाराजा, जे मुंबैत पोटासाठी गेलेत त्यांना सुखात ठेव…”

“व्हय म्हाराजा!” माझाही आवाज त्यात होता. मी वही घेऊन उतरवू लागलो.

“…आनि लेकरांचं काय चुकलं-माकलं आसंल, तर…”

तिथे लाईट गेली होती. मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“…तर पोटात घाल,” मी म्हणालो. मोठ्याने. अण्णांच्याच चालीत.

स्वयंपाकघरात बायको भाकऱ्या थापत होती. थापणं थांबलं.

“व्हय म्हाराजा!” ती तिथूनच म्हणाली.