चित्रातलं झाड आणि आमची बोर

आई दुसऱ्यांदा गरोदर होती तेव्हाची गोष्ट. तपासणीसाठी ती आंजीहून बसनं वर्ध्याच्या मिशनच्या दवाखान्यात जायची आणि मी तिचं शेपूट. तिथल्या भिंतीवर एक चित्र होतं: बाग, बाई, पुरुष आणि लाल फळांचं झाड. मी तोवर सफरचंद हातात धरलेलं नव्हतं, त्यामुळे ती बोरंच आहेत याबद्दल मला शंका नव्हती.

नर्सबाई ख्रिस्ती, आमच्याच भागातल्या. आईनं चित्राचं विचारलं तशी त्यांनी गोष्ट सांगितली. सगळी बाग तुमची, हे एक झाड तेवढं माझं, असं देव म्हणाला. भल्याबुऱ्याची जाण देणारं झाड. बाईनं त्याचं फळ खाल्लं, नवऱ्यालाही दिलं आणि देवानं दोघांना बागेबाहेर काढलं.

"फळात खराबी नोती," नर्सबाई म्हणाल्या. "देवाचा शबद मोडला, थे खराब."

आईला हे लगेच पटलं. आमच्या अंगणातल्या बोरीचं फळही तुळशीच्या लग्नात वाहिल्याशिवाय कुणी तोंडात टाकायचं नाही, असा घरात कडक नियम. आणि नेमके तिला डोहाळे लागले होते आंबट बोरांचे! झाडाखालून जाताना तिचा चेहरा बघवत नसे.

"मंग देवानं इचारलं तवा नवरा काय बोलला?" आईनं नर्सबाईंना विचारलं.

"म्हने, हिनंच देल्लं मले."

"बायकोचं नाव सांगतलं?" आई अशी भडकली की नर्सबाईंना हसू आवरेना.

दोन-चार दिवसांनी मोरीपाशी आत्याला बोराच्या आठळ्या सापडल्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिच्यापुढे वडीलही आवाज चढवत नसत.

"तुळशीचं लगन व्हाचं हाये अजून. कोनं खाल्ले बोरं?"

आईनं मान खाली घातली. मी तिचा पदर धरला. आता चित्रातल्यांसारखं आम्हालाही बाहेर काढणार!

"मीनं खाल्ले," वडील म्हणाले.

कैरीच्या नुसत्या नावानं ज्यांचे दात आंबायचे, ते वडील! बोरं त्यांनीच पहाटे तोडून आणली होती, पण खाल्ली सगळी आईनं.

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईच्या पोटाकडे. "काऊन रे, डोहाळे तुले लागले का?" म्हणाली आणि जी हसत सुटली, ती भिंतीला टेकूनच थांबली. तुळशीच्या लग्नात वाहिलेल्या बोरांची पहिली ओंजळ तिनं आईच्या ओटीत टाकली.

पुढच्या खेपेला दवाखान्यात शिरल्या शिरल्या आईनं नर्सबाईंना सारी हकिगत ऐकवली. मग चित्रातल्या त्या पुरुषाकडे बोट दाखवून ताठ मानेनं म्हणाली, "माह्या घरच्यानं माह्यं नाव नाई सांगतलं."