समोरून शिकलेली अक्षरं

मास्तरांनी माझ्या मार्थाच्या हातात पुस्तक दिलं आणि तिनं ते उलटं फिरवून मांडीवर ठेवलं.

अकोल्याच्या मिशन बंगल्याचा व्हरांडा. साहेब खुर्चीत, मडमसाहेब दुसऱ्या खुर्चीत, मास्तर टेबलामागं. आम्ही तिघं खाली फरशीवर. मार्था आठ वर्षांची, शिमोन पाचाचा, आणि मी. पोरीनं मान खाली घातली, पानाच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि सुरू झाली. उजवीकडून डावीकडं. घडाघडा. कुठं अडली नाही.

मला वाटलं, जिंकलो.

मग मास्तर हसायला लागले.

"साहेब, पुस्तक उलटं धरलंय तिनं. सगळं घोकलेलं आहे. पोपट तरी दांडीवर सरळ बसतो."

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, फिरवलं, मधलंच एक पान काढून परत तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, आता वाच. पोरीनं पानाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.

"माय, हे उलटं हाये."

साहेब हसले. मडमसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. दारातला खानसामा हसला. आणि मी पण हसले.

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. साहेब लोक हसले की आपणही हसायचं, ही माझी जुनी खोड. कशाला हसतात ते मागून कळतं. कधी कधी कळतही नाही. त्या दिवशी मार्थानं मला हसताना पाहिलं. बाकी कुणाच्या हसण्यानं ती रडली नाही. माझ्या हसण्यानं रडली.

आता हे पुस्तक उलटं कसं झालं ते सांगते. दोष माझाच.

आम्ही मूळचे म्हार, अमरावतीच्या अलीकडच्या एका खेड्यातले. मार्थाच्या बापानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मीही घेतला. मला कुणी विचारलं नव्हतं, पण डोक्यावरचं पाणी गार होतं आणि उन्हाळा होता, त्यामुळं माझी काही तक्रार नव्हती. त्यांना मिशननं वाचायला शिकवलं. मग ते झोळीत पुस्तकं घालून बाजारोबाजार फिरायचे, कापसाच्या गाड्यांमध्ये उभं राहून वाचून दाखवायचे. लोक ऐकायचे, कारण गाडी विकली जाईपर्यंत त्यांना दुसरा धंदा नसायचा.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई लागली होती, आणि त्यामुळं आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. तिकडं माणसं एकमेकांना मारत होती म्हणून इकडं आम्ही दोन वेळा जेवत होतो. कापसातली सरकी काढायचा व्यापाऱ्याचा रेचा मी घरी आणला होता. लाकडी दोन लाटा, एका हातानं फिरवायच्या, दुसऱ्या हातानं कापूस भरवायचा. रुई पलीकडं पडते, सरकी अलीकडं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत माझे दोन्ही हात त्यात.

बाजार नसेल त्या दिवशी मार्थाचे वडील माझ्यासमोर बसायचे. मधे पुस्तक. ते त्यांच्या बाजूनं वाचायचे, मी माझ्या बाजूनं बघायची. राख पसरून ते बोटानं अक्षर काढायचे, आणि रेचा थांबला की मी त्यांच्यासारखंच काढायची. त्यांना जसं दिसायचं तसं नव्हे, मला जसं दिसायचं तसं. माझ्या हिशेबानं सगळी अक्षरं एका ओळीवर उभी असायची, कुंपणावर चिमण्या बसाव्यात तशी. खरं तर ती ओळीखाली वटवाघळांसारखी लटकलेली असतात, हे मला पुढं कळलं. मला पुस्तक कधी हातात धरावं लागलं नाही. हात मोकळेच नव्हते. पुस्तकाला डोकं कुठं आणि पाय कुठं, कोण सांगणार?

एकदा ते म्हणाले होते, तू तं अजब वाचून राहिली. मला वाटलं कौतुक करून राहिले. मी लाजलेसुद्धा.

मग पटकीची साथ आली. मार्थाचे वडील सकाळी बाजाराला गेले ते तिसऱ्या प्रहरी कुणाच्या तरी गाडीत घालून आणले. बोलत होते तोवर पाणी मागत होते. विहिरीवर आम्हाला जाऊ देत नसत. म्हार होतो तेव्हा वरून ओतून देत, ख्रिस्ती झालो तर तेही बंद झालं. नाल्याचं पाणी आणेस्तोवर उशीर झाला. म्हारवाड्यातल्या बाया बाटगी म्हणून माझ्या दारात येत नव्हत्या. त्या दिवशी आल्या. माझ्या बांगड्या दगडानं फोडल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर पुन्हा आल्या नाहीत.

मार्थाला सरकारी शाळेत घेऊन गेले. पंतोजींनी नाही म्हटलं. मुलगी म्हणून, म्हाराची म्हणून, की किरिस्तावाची म्हणून, ते सांगितलं नाही. तीन कारणं हाताशी असताना एक निवडायची तसदी कोण घेईल? शिमोनला पायरीखाली बसवतो म्हणाले, छडी फेकून मारीन म्हणजे शिवाशिव नको. मी दोघांना घेऊन परत आले आणि म्हटलं, शाळा इथंच. रेच्याजवळ.

तशी शाळा कुठं नसेल. मी रेचा फिरवायची आणि मुलं माझ्या दोन बाजूंना बसायची. समोर बापाचं पुस्तक, मला जसं ठाऊक होतं तसं मांडलेलं. सरकीचे दाणे मांडून जमिनीवर अक्षरं करायची. शिमोन अक्षर करता करता झोपायचा आणि गालाला सरकी चिकटून उठायचा. मार्था मात्र एकदा पाहिलं की विसरत नसे. सहा महिन्यांत तिनं पुस्तक संपवलं. शेवटापासून सुरुवातीपर्यंत, कारण आमचं पुस्तक तिकडूनच सुरू व्हायचं. आधी पुनरुत्थान आणि मग जन्म. मला वाटायचं, देवाचं काम आहे, आपल्या डोक्यात कसं बसणार.

मग तिकडची लढाई थांबली. मिशनच्या मास्तरांनी शांततेबद्दल देवाचे आभार मानले आणि मी मोठ्यानं आमेन म्हटलं. महिन्याभरात कापूस कुणी विचारेना. व्यापाऱ्यानं रेचा माझ्याकडून परत नेला. त्या आमेनइतकं महाग मला काही पडलं नाही.

जे खाता येतं ते खाल्लं. ढोरांची सरकी भिजवून, वाटून, पिळून तिच्या पाण्यात मूठभर पीठ शिजवलं. दुपारी ज्या दाण्यांनी अक्षरं मांडायची, तेच संध्याकाळी पोटात जायचे. शिमोन विचारायचा, आज कोणतं अक्षर खायचं. मी सांगायची. हसायचीसुद्धा. पोराचे पाय काड्या झाले होते.

तेव्हा मास्तरांचा निरोप आला. हे मास्तर पुण्याकडचे. बाप्तिस्म्याच्या वेळी शेंडी कापली होती, पण आमच्या हातचं पाणी घेत नसत. पोटाचा विकार आहे म्हणत. निरोप असा होता की अमरावतीत मुलींची शाळा काढायची आहे, बाई हवी आहे. अकोल्याला ये. तू शिकवलेली मुलगी वाचून दाखवेल तर जागा तुझी. नाही तर मुलांना आम्ही दूर अनाथाश्रमात पाठवू, तिथं दोन वेळा जेवतील, तू तुझी मोकळी.

मिशनच्या गाडीतून चार दिवसांनी अकोल्याला पोचलो. वाटभर मी मार्थाचे केस विंचरत होते. जागा केसांवर मिळणार असल्यासारखी.

तर तो व्हरांडा. सगळे हसून झाले. मी गुडघ्यावर सरकत पुढं गेले आणि पुस्तक पुन्हा फिरवलं.

"मास्तरजी, तुमच्या मनानं कोनतंही पान काढा. पण पोरीले तिच्या बाजूनं वाचू द्या."

मास्तर नको म्हणत होते, पण साहेबांनी स्वतः टेबलावरचं दुसरंच पुस्तक उचललं, तिनं कधी न पाहिलेलं. उलटं करून दिलं. मार्थानं डोळे पुसले आणि वाचलं. जोडाक्षरं सोडवत, अडखळत, पण वाचलं. घोकलेलं नव्हतं ते सगळ्यांना दिसलं.

मला वाटलं, आता साहेब म्हणतील, माफ कर बाई.

साहेब उठले आणि आतून पाहुण्यांना बोलावून आले. दोन गोरे, एक मडम. मार्थानं पुन्हा वाचलं. त्यांनी टाळ्या पिटल्या. आणखी एकदा वाचायला लावलं, या वेळी पुस्तक आडवं धरून, बघू येतं का. आलं नाही, तेव्हा जास्तच हसले. पाहुण्या मडमनं बिस्कूट दिलं. शिमोननं ते अर्धं तोंडात घातलं आणि अर्धं मुठीत दाबून धरलं. पुढं आणखी काही करून दाखवावं लागेल, असं त्याला वाटलं असावं.

टाळ्या संपल्यावर साहेब मास्तरांना म्हणाले, गंमत आहे, पण शाळा अशी चालत नाही. मास्तरांनी खणातून कागद काढला. तो आधीच लिहून ठेवला होता. आम्ही गाडीतून उतरायच्या आधीच.

त्यांनी वाचून दाखवला. ही विधवा बाई आपली मुलं पोसण्यास व शिकविण्यास असमर्थ आहे. सबब दोन्ही मुलं अनाथ म्हणून आश्रमाच्या हवाली करीत आहे. खाली माझं नाव लिहिलेलं होतं, आणि नावाशेजारी गोल काढलेला. निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या बाईची सही म्हणजे ती बांगडी. बाईनं फक्त कलमाला हात लावायचा. मी माझ्या मनगटाकडं पाहिलं. जी बांगडी माझ्या हातात राहू दिली नव्हती, ती यांनी कागदावर भरली होती.

मास्तरांनी कागद माझ्याकडं तोंड करून सरकवला.

"कलमाला हात लाव."

मी विचारलं, "अनाथ म्हंजे काय, मास्तरजी?"

"ज्याला आईबाप नाहीत तो."

"मंग मी कोन?"

साहेब मऊ आवाजात म्हणाले, हे तुझ्या भल्याचं आहे. मी मार्थाकडं पाहिलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी पुन्हा हसते का ते पाहायला.

मी उठून टेबलापाशी उभी राहिले. साहेबांच्या समोर मी पहिल्यांदा उभी राहिले असेन. कलमाला हात लावला नाही. कलम उचललं. राखेत बोटानं लिहिलं होतं, शाईनं कधी नाही. मोठा डाग पडला. डागाच्या बाजूनं, त्या बांगडीवरून, मला येत होतं तसं लिहिलं. उजवीकडून डावीकडं, माझ्या चिमण्या ओळीवर उभ्या करून.

साहेबांनी विचारलं, काय लिहिलं तिनं?

माझी अक्षरं माझ्या बाजूनं उलटी होती. म्हणजे टेबलापलीकडून सरळ. मास्तरांना कागद फिरवावा लागला नाही. शब्द थेट त्यांच्याकडं तोंड करून उभे होते आणि त्यांना ते मोठ्यानं वाचावे लागले.

"माय हाये."

पुण्याच्या तोंडातून वऱ्हाडी ऐकायला चमत्कारिक वाटलं. हसू येण्यासारखंच होतं. मी हसले नाही.

मास्तर म्हणाले, कागद नासवलास. आता गाडी नाही, धान्य नाही, आणि ते पुस्तक मिशनचं आहे, ते इथं ठेव. मार्थानं घरून आणलेलं बापाचं पुस्तक छातीशी धरलं होतं. मास्तरांनी दोन बोटांनी काढून घेतलं, तिला शिवणार नाही असं. पोटाचा विकार असावा.

अकोल्याहून अमरावती चालत. आगगाडीचा भराव नुकता झाला होता, त्याच्या कडेकडेनं. वेचून झालेल्या पऱ्हाटीची रानं दोन्ही बाजूंना, भाव नाही म्हणून काही शेतांत कापूस झाडावरच मळत होता. शिमोनला कडेवर, मार्था मागं. बिस्कुटाचा अर्धा तुकडा मूर्तिजापूरपर्यंत पुरला. म्हणजे आम्ही पुरवला. मूर्तिजापूरच्या पुढं शिमोनला ताप चढला. एका लिंबाखाली बसले आणि मनात आलं, मागं फिरावं. तो कागद पुन्हा लिहून घ्यावा. निदान पोरगं जगेल. खोटं कशाला बोलू, उठलेसुद्धा होते.

मार्था धुळीत बोटानं काहीतरी काढत बसली होती. आमच्याच पद्धतीनं. मी तिच्यासमोर येऊन उभी राहिले तेव्हा पाहिलं. तेच दोन शब्द. पण मी आता पलीकडं होते, जिथं तिचा बाप बसायचा त्या जागी. तिथून सगळं सरळ दिसत होतं. अक्षरं लटकलेली. वटवाघळं. जगातली सगळी पुस्तकं अशी असतात.

एवढंच होतं. उठून चार पावलं पलीकडं जायचं होतं, आणि इतक्या वर्षांत मी ती चार पावलं टाकली नव्हती.

मार्थाला हाताला धरून उठवलं, माझ्या बाजूला आणून उभं केलं. तिनं मान वाकडी केली, सरळ केली, पुन्हा वाकडी केली.

"माय, मंग सारं पयल्यापासून शिका लागीन."

"लागीन."

"पुस्तक तं नाई."

"धूळ हाये."

घरी दाणा नव्हता, रेचा नव्हता, पोराचं अंग चटके देत होतं आणि बडनेरा अजून लांब होतं. मी तिथंच बसले. या बाजूला. आणि पोरीला सांगितलं, तेच आज मी माझ्या सरळ हातानं लिहून ठेवते:

"यापुढं कोनी आपल्याले हसलं, तं माय त्याच्यासंगं हसणार नाई. कोनी अनाथ लिवलं, तं खोडून टाकायचं. आता बस अठी. अ काढ."