ग्रहणाचा रिव्हर्स हॉर्न

अंधशाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि किस्से इतके साठले, की गेवराईच्या स्टँडवर बसची वाट बघताना मी एकटीच हसते. लोक पिशव्या सावरून लांब सरकतात!

तेव्हा मी हंगामी होते. सूर्यग्रहण जवळ आलेलं. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांना म्हटलं, "मुलांना ग्रहण ऐकवूया."

"ऐकवा. फसलं तर विज्ञानाचा तास बंद, अन् तुमी बी!"

*

ग्रहण ऐकवायचा डबा रशीदभाई रेडिओवाल्यांनी बनवला. उजेड वाढला की सूर चढणार, कमी झाला की उतरणार. बटण दाबलं आणि मी किंचाळत स्टुलावरून खाली! आत जीपचा रिव्हर्स हॉर्न!

"भाई, हा कशाला?"

"दुसरा भोंगाच न्हाई, बेटी. घाबरू नको, सूर्य काय मागं येत न्हाई!"

*

खिडक्या लावून वर्गात सराव. बल्ब म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र. चेंडू जेमतेम पुढे सरकला आणि डबा एकदम गप्प. "खग्रास!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

लाईट गेली होती!

सातवीतली सुमन म्हणाली, "बाई, आपल्याकडं रोजच खग्रास हाय की!"

*

अध्यक्षसाहेब पांढऱ्याशुभ्र सफारीत पाहणीला आले. भर उन्हात डब्यासमोर उभे राहिले, आणि सफारीवरून उसळलेल्या उजेडानं डबा कोकलायलाच लागला.

मुख्याध्यापकांनी हात जोडले, "साहेबांचं तेजच तसं हाय!"

साहेबांनी पुढं-मागं होऊन तीनदा तेज मोजून घेतलं.

*

ग्रहणाची सकाळ. मैदानात मुलं, मी आणि डबा. साहेब आणि मुख्याध्यापक ऑफिसात, दारं-खिडक्या बंद. आतून साहेब ओरडले, "पोरांना आत घ्या! ग्रहणात डोळे जातात!"

सुमन म्हणाली, "आमचे गेलेत, साहेब. तुमीच जपा!"

*

साहेबांचा नेम होता: ग्रहण सुटेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. कार्यक्रमाची जिलेबी पडवीत परातीत झाकलेली.

सूर उतरत गेला, तशी पोरं श्वास रोखून बसली. मग हळूहळू चढला. पूर्ण चढला.

"सुटलं का गं?" साहेबांचा आवाज.

सुमननं डब्यावर तळहात ठेवला. सूर खाली.

"न्हाई, साहेब!"

परात पोरांत फिरत होती.

"आता?"

"लई थोडं ऱ्हायलंय!"

परात रिकामी झाली तेव्हा तिनं हात काढला. डबा किंचाळला. साहेब डोळे चोळत बाहेर आले, कौतुकानं डब्यावरून हात फिरवला. बोटं पाकानं चिकटली. त्यांनी बोटांकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं, बोटं चाटली.

"बाई, यंत्र लई अचूक हाय. तास चालू ठेवा!"