चक्कर मारून येतो म्हणाला

ती घटना आठवली की आजही आधी हसू येते. दुसरी मोठी लढाई संपली होती आणि विलायती सायकली जबलपुरात पुन्हा दिसू लागल्या होत्या. मी मध्य प्रांताच्या पोलिसात ठाणेदार होतो.

एका दुपारी कमानिया गेटजवळचा सायकलवाला एका म्हाताऱ्या बाईला घेऊन ठाण्यात आला. मागे बघ्यांची गर्दी. फिर्याद अशी : एक कोटवाला गृहस्थ दुकानात आला, नवी कोरी शर्यतीची सायकल त्याने पसंत केली, "एक चक्कर मारून बघतो" म्हणाला आणि बाईकडे बोट दाखवून म्हणाला, "अम्मा यहीं बैठी हैं, भैया. हम भागेंगे थोड़े ही." तो गेला तो गेलाच.

"माँ-बेटे की जोड़ी है, साहब! इसे बंद करो," दुकानदार ओरडत होता.

बाईला हिंदी कळत नव्हती. मी मराठीत विचारले तशी ती रडायलाच लागली. वर्ध्याकडची होती. नर्मदेच्या स्नानाला गावच्या मंडळींबरोबर आली आणि स्टेशनवर चुकामूक झाली. "त्यानं मले मावशी म्हणलं, साहेब. मीबी नर्मदेवर तिलवाऱ्याच्या घाटालेच चाललो म्हणे, दुकानात जरासं काम हाय. मी बसून राहिली."

मला ती खरी वाटली. पण वाटण्यावर तपास चालत नाही. तिला कोठडीत न घालता एका शिपायाबरोबर माझ्या घरी पाठवले. बायकोला निरोप दिला, जेवू घाल आणि नजरेआड होऊ देऊ नकोस.

मग दुकानदाराला सायकलीचे वर्णन विचारले. तो म्हणाला, "साहब, वो दौड़वाली है. चलते-चलते पायडल रोको तो आदमी को उछाल देती है. मैं बताने ही वाला था, वो निकल गया."

म्हणजे चाक फिरते तोवर पायडलही फिरतच राहणारी सायकल. हे ऐकून मी हवालदाराला उताराच्या रस्त्यांवर चौकशी करायला पाठवले. उतारावर पाय थांबवण्याची सवय प्रत्येकालाच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही चौकशी कानावर आलेला एक टांगेवाला आपणहून ठाण्यात आला. म्हणाला, तिलवाऱ्याच्या उतारावरून एका जखमी माणसाला धर्मशाळेत पोचवले. "नई सायकल थी, साहब, और तांगे में लाद के ले गया! मैंने कहा, इस पे बैठते क्यों नहीं? तो मुझे ही गाली देने लगा."

आम्ही त्या जखमी माणसाला धर्मशाळेतून सायकलीसह आणले. गुडघ्याला पट्टी, कोपर सोललेले. दुकानदाराने त्याला लगेच ओळखले. पण गडी पक्का. म्हणे, सायकल वर्षभरापासून माझी आहे, नागपूरहून आलो, जबलपूरच्या बाजारात पाऊलसुद्धा टाकलेले नाही, दुकानदार माझी सायकल लाटायला बघतो आहे. मराठीही स्वच्छ बोलत होता. मी त्याला दरडावले नाही. सायकल अंगणात आणायला लावली.

"तुमचीच ना? मग पिंपळापर्यंत जाऊन या."

त्याने त्या पायडलांकडे असे पाहिले, जणू खाली साप आहे.

"पाय दुखतोय, साहेब."

"हळूहळू जा."

"मी नाही बसत हिच्यावर!" तो एकदम ओरडला. "मारकी आहे ही!"

शिपाई हसले. मी विचारले, "वर्षभर कशी चालवली मग?"

तरी तो कबूल करीना. शिवाय म्हातारीचा प्रश्न उरलाच होता. ती त्याची साथीदार नाही, हे तोच सांगू शकत होता. म्हणून मी तिला बोलावून घेतले.

ती फाटकातून आत आली आणि तिची नजर आधी त्याच्या पट्टीवर गेली. "अगं बाई! लई लागलं काय रे बापू?"

त्याचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्ही अजून इथंच? तिलवाऱ्याला नाही गेलात?"

शब्द तोंडातून निघाले आणि बाजारात पाऊल न टाकल्याची थाप फुटली, हे त्याचे त्यालाच कळले.

"काहून गेली नाही म्हंतो?" म्हातारी म्हणाली. "तूच तर बसवून गेलता."

मग त्याने सगळे सांगितले. कापडाच्या दुकानातली नोकरी सुटली होती. सायकल नागपूरला विकायची होती. "या बाईचा काही संबंध नाही, साहेब. ती कंटाळून आपल्या वाटेनं जाईल असं वाटलं," हे त्याने मी न विचारता सांगितले. पंचनामा झाला, पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि थोडक्या शिक्षेवर सुटला.

कबुलीच्या दिवशीच दुकानदाराने म्हातारीचे पाय धरले आणि स्वतः टांगा करून तिला तिलवाऱ्याला घेऊन गेला. तिची मंडळी घाटावर तिलाच शोधत होती. संध्याकाळी तो परत आला तो तिने दिलेल्या प्रसादाच्या दोन पुड्या घेऊन. एक माझ्या बायकोला. दुसरी, तिने बजावून सांगितले होते, "त्या पडलेल्या पोराले."

नोकरीत मी पुष्कळ उलटतपासण्या केल्या. माणूस धाक पचवतो, मारही पचवतो. पण आपल्यामुळे कोणी खोळंबून बसले आहे हे समोर दिसले की भल्याभल्यांचा धीर सुटतो. पुढे जमेल तिथे मी आरोपीसमोर नुसता पुरावा ठेवला नाही, ज्याचे नुकसान झाले त्यालाही आणून बसवले.

त्या संध्याकाळी ती दुसरी पुडी मी कोठडीच्या गजांतून त्या पोराला दिली. त्याने ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, आणि बराच वेळ तशीच धरून बसला.